बैलाच्या गोष्टीतला हुंकार

एसटीत बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. विंझरला चढून शेजारी बसलेली मुलगी तर मोबाईलशीच बोलायला लागली. कानात वायर घातलेली. पडद्यावरची जपानी बाई बोलत होती आणि ही मान हलवत सारखी ‘हाइ, हाइ’ करत होती. हाइ म्हणजे हो, एवढं मला ठाऊक होतं.

शेवटी मी विचारलं, “त्या बाईचं सगळंच पटतं का गं तुला?”

“पटायचा प्रश्न न्हाई, काका. समोरचं बोलत आसताना हाइ म्हंजी आयकतेय. त्ये मधीमधी म्हणावंच लागतं.” जपानात म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर ती निघाली होती. “जपानीच्या क्लासात बाकीच्यांना ह्ये जमत न्हाई. मला सवय हाये. आमच्या वडलांना दिसत न्हाई. गोष्ट सांगताना हुंकार थांबला, की त्यांना वाटतं समोरचं उठून गेलं. मग गोष्ट तितंच सोडत्यात.”

“आणि तू गेल्यावर?”

“आई देती की हुंकार. पर कामात इसरती.”

“कसली गोष्ट सांगतात?”

तिनं कानातली वायर काढली आणि तोरण्याखाली चुकलेल्या बैलाची गोष्ट सुरू केली. बैल रानात शिरला आणि ती गप्प झाली. मी खिडकीबाहेर बघत होतो. ती कशासाठी थांबली, ते कळायला मला जरा वेळच लागला.

“हं,” मी म्हणालो.

मग बैल पुढं निघाला.