छत्तीस खोडून बारा

महागावच्या शाळेत मी गणित शिकवते, आज सतरा वर्षं झाली. शिकवणं बरं आहे असं लोक म्हणतात, निकालही बरा लागतो. एका मुलीचं मात्र मी जे केलं, ते कुठल्याच निकालात दिसत नाही. ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

ती नववीत माझ्या वर्गात आली. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत तिच्या अब्बांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. मुलगी शांत, डाव्या हातानं लिहिणारी, तिसऱ्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी. पहिल्या घटक चाचणीत तिला वीसपैकी चार गुण पडले. मी वही परत दिली, तिनं ती दप्तरात ठेवली. अशी वर्गात दहा-बारा मुलं असतातच, त्यांच्यातली एक म्हणून मी तिला मनात नोंदवून टाकलं.

त्याच पावसाळ्यात आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मूल स्वतःबद्दल काय समजतं, आपले गुण आपल्या हातात आहेत असं त्याला वाटतं की नशिबाच्या, यावर त्याची प्रगती किती अवलंबून असते, हे तिथल्या बाईंनी फार चांगलं समजावलं. मी पानं भरून टिपणं काढली. परत आल्यावर वर्गाकडून एक फॉर्मही भरून घेतला. त्यात एक वाक्य होतं, ‘मी मेहनत केली तर मला गणित येईल.’ पुढे दोन चौकोन, पटतं आणि पटत नाही. त्या मुलीनं ‘पटतं’वर इतकी जोरात खूण केली होती की कागद मागून फुगला होता. मी ते पाहिलं आणि गठ्ठा कपाटात ठेवून दिला.

दिवाळीआधी सहामाही झाली. बीजगणिताच्या पेपरात तिला चाळीसपैकी छत्तीस पडले.

मी पेपर दोनदा तपासला. पायऱ्या स्वच्छ, खाडाखोड नाही. मग बैठकीचा तक्ता काढून पाहिला. तिच्या पुढच्याच बाकावर वर्गातली पहिली येणारी मुलगी बसलेली होती. मला तेवढं पुरलं. दोघींचे पेपर शेजारी ठेवून ताडून पाहावेत, हेही मला सुचलं नाही. एका उदाहरणात दोघींची रीत वेगळी होती, हे मला फार नंतर दिसलं.

मधल्या सुट्टीत मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. पाच-सहा शिक्षक डबे उघडून बसले होते.

“खरं सांग, कोणाचं पाहून लिहिलं?”

“कोणाचंच नाही, मॅडम. मी एकेक गणित तीनदा सोडवलं घरी. न पाहता.”

“चारवरून छत्तीस? दोन महिन्यांत?”

“हो मॅडम. तीनदा सोडवलं का येतेच.”

“तीनदा काय, तेरा वेळा सोडव. डोकं कुठून आणशील?”

हे मी बोलले. कोणीतरी हसलं. मी तिला एक कोरा कागद दिला, फळ्याजवळच्या टेबलाशी उभं केलं आणि तीन उदाहरणं घातली. म्हटलं, येते ना, मग सोडव इथं. तिनं पहिलं उदाहरण उतरवून घेतलं. बराच वेळ पेन तिथंच टेकून राहिलं. तिच्या डाव्या हाताचा घाम कागदाला लागून शाई पसरली. मागं डब्यांचा आवाज, गप्पा, कोणाला तरी भाजी जास्त तिखट झालेली. घंटा झाली तेव्हा कागदावर फक्त प्रश्न होता, माझाच.

“जा,” मी म्हटलं.

त्याच दिवशी मी तिच्या पेपरावरचे छत्तीस खोडून बारा लिहिले. पासही नाही आणि फार नापासही नाही, असा आकडा काढण्यात मला माझा मोठेपणा वाटला होता.

जानेवारीत माझी गाडी चढावर बंद पडली. ढकलत ढकलत मी तिच्या अब्बांच्या दुकानात नेली. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. गाडीचा प्लग काढून ते ज्या कागदानं पुसायला लागले, तो जुन्या कॅलेंडरचा होता आणि त्याच्या पाठीमागे गणित सोडवलेलं होतं.

“हे कोणाचं?” मी विचारलं.

“बेटीचं, मॅडम.” त्यांनी फळीखालून गठ्ठाच काढला. “पूरी बरसात इथं बसून करत होती. दुकानात गिऱ्हाईक बोलून राह्यले, हातोडा चालून राह्यला, हिला ऐकूच येत नव्हतं.”

मी गठ्ठा मांडीवर घेतला. कॅलेंडरं, गॅरेजची जुनी बिलं, वर्तमानपत्रांच्या कोऱ्या कडा. प्रत्येक उदाहरण तीनदा. पहिल्या वेळी चुकलेलं, दुसऱ्या वेळी अर्धं, तिसऱ्या वेळी नीट, आणि शेजारी एक छोटी खूण. माझ्या सहामाहीच्या पेपरात मी जी उदाहरणं आकडे बदलून घातली होती, ती सगळी तिथं होती. पहिल्या येणाऱ्या मुलीपेक्षा वेगळी अशी तिची ती रीतही होती, ती मला तेव्हा कुठं दिसली. कागदांना ऑइलचा वास येत होता.

“आता नाही करत?” मी विचारलं.

“नाही. म्हणते, अब्बा, वो अपने बस का नहीं. मग मीच हे कागद प्लग पुसायला घेतले.” ते हसले. त्यांना स्टाफरूमबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिनं घरी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला व्हरांड्यात गाठलं. व्हरांड्यात, वर्गात नाही, स्टाफरूममध्येही नाही. आरोप मी सगळ्यांसमोर केला होता, माफी मात्र मी कोणी नसताना मागितली. मी म्हटलं, “माझी चूक झाली. तू कॉपी केली नव्हती. तुझे छत्तीस मी रजिस्टरला परत लिहिते.”

ती रडेल किंवा रागावेल असं मला वाटलं होतं. ती उलट मलाच समजावायला लागली.

“नाही मॅडम, तुमचं बरोबरच होतं. मले येत असतं तर तिथं आलं नसतं का? तो पेपरच सोपा होता. नशिबानं जमलं.”

“सोपा नव्हता. मी काढला होता.”

“मग तुक्का लागला असन.”

मी बोलत राहिले आणि ती मान हलवत राहिली, मोठ्या माणसाचं मन राखायला हलवावी तशी. छत्तीस मी लिहिले. ते कोणाच्या ध्यानात आले नाहीत, तिच्याही नाही.

दहावीच्या सुरुवातीला तोच फॉर्म पुन्हा भरून घेतला. तिनं या वेळी ‘पटत नाही’वर खूण केली होती. हलकी, पुसट. मी तिला जवळ बसवून शिकवलं, शाळा सुटल्यावर थांबवलं, फळ्यावर बोलावणं टाळलं. एकटी असली की ती सोडवायची. बरोबर आलं की उत्तराकडे संशयानं पाहायची आणि मला विचारायची, “हे असंच असते का, मॅडम?” चुकलं की मात्र तिचा चेहरा निवांत व्हायचा. ते निवांत होणं मला पाहवत नसे.

बोर्डाच्या गणिताच्या पहिल्या पेपरला मी गेटबाहेर उभी होते. ती सगळ्यांत आधी बाहेर आली. तिच्या अब्बांची गाडी अजून यायची होती.

“काय झालं? एवढ्या लवकर?”

“लिहिलं होतं मॅडम. मग खोडून टाकलं.”

“काहून?”

“बरोबर वाटून राह्यलं होतं.” ती अगदी साधेपणानं बोलली. “माह्यं बरोबर कसं असन?”

गणितात ती राहिली. बाकी सगळ्या विषयांत पास होती. अब्बा शाळेत आले, टोपी हातात धरून म्हणाले, “मॅडम, तुमी एकदा सांगा, जुलैत बसाले. ती तुमचंच ऐकते.” मी गेले, सांगितलं, फॉर्म स्वतः भरून नेला. तिनं सही केली आणि परीक्षेला गेली नाही. अब्बांना वाटलं मुलगी आळशी झाली. मी त्यांना तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. त्यांनी चहा सांगितला आणि मी चहा पिऊन परत आले.

आता ती शिवणकाम करते. मागच्या वर्षी मी कापड घेऊन गेले होते. तिनं टेप न लावताच सांगितलं, दोन कुर्ते निघतील, बाही तिरपी कापली तर ओढणीला पट्टीही उरेल, आणि खडूनं रेघा ओढल्या. मी म्हटलं, “हे सगळं गणितच आहे गं.”

ती खळखळून हसली. “गणित मले कुठं येते मॅडम. तुमाले तं माहीतच आहे.”

मी कुर्ते आणायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं.

परवा एका मुलीला, जिला नेहमी काठावर पास होण्याइतके पडतात, तिला माझ्या पेपरात चाळीसपैकी पस्तीस पडले. मी बेरीज केली, पुन्हा केली. हात बैठकीच्या तक्त्याकडे गेला. इतक्या वर्षांनंतरही गेला. मी तो मागे घेतला, पस्तीसवर सही केली आणि पेपर गठ्ठ्यात ठेवला. वर्गात देताना फक्त म्हटलं, “कसा केलास अभ्यास, मला सांग.” तिचा चेहरा पांढरा पडला. बहुतेक माझ्या आवाजात काहीतरी होतं.