विटेचा चुरा आणि आईची बोटं

आईने घासलेल्या कढईत बघून बाबा दाढी करायचे. हे मी थोडं वाढवून सांगते आहे. गालांना आरसा असायचा, कढई फक्त मिशांपुरती.

या झळाळीचं कारण म्हणजे विटेचा चुरा. बाबा भट्ट्या बांधणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामगारांची हजेरी मांडणारे टाइमकीपर होते. तिथल्या मोडक्या भट्टीच्या विटा ते सायकलला बांधून कुरुदला घरी आणायचे. आई त्या कुटून, चाळून डब्यात भरायची. वितळलेल्या लोखंडाशी वर्षानुवर्षं भांडून आलेली वीट ती, तिच्यापुढे दुधाच्या करपलेल्या पातेल्याची काय टाप. पण भांड्यांसोबत ती आणखी काय घासून नेत होती, ते कळायला मशीन यावं लागलं.

गल्लीत सगळ्यांची आधार कार्डं आली, आईचं आलं नाही. तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा परत आला. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणे. आईचं काही अडलं नाही. गॅस, रेशन, घर, सगळं बाबांच्या नावावर. "मले इथं कोन ओळखत नाही? कार्ड कावून पाहिजे?" असं म्हणून ती पुन्हा डब्यात हात घालायची.

मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा पार पिकलेला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, आणि सव्वा महिन्यानंतरची तारीख दिली. फॉर्मवर पहिलाच रकाना आधार नंबरचा होता. बाबांनी खासगी दवाखान्याचा विषय काढला तर आई म्हणाली, "मंग दुसरा डोळा कुठून कराल?"

मी तिला स्कूटरवर बसवून हुडको वसाहतीतल्या आधार केंद्रावर नेलं. तिथल्या मॅडमनी आईची चार बोटं काचेवर ठेवली. मशीन बराच वेळ विचारात पडलं. मला तर वाटलं, काचेवर काच ठेवली म्हणून रागावलं असेल. माशी बसली तर घसरून पडेल इतकी ती बोटं गुळगुळीत. मग डोळ्यांचा फोटो घ्यायचा होता, तर डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा. म्हणजे डोळा बरा करायला कार्ड हवं आणि कार्डाला बरा डोळा हवा.

मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, ठशांशिवायही अर्ज वर पाठवता येतो, पण उत्तर कधी येईल ते सांगता येत नाही. मग आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आंटीजी, बीस दिन बर्तन मत मांजिए. ग्लिसरीन लगाइए. रेखा लौट आएगी."

वीस दिवस. आईने ते असं ऐकलं, जणू तिला वीस दिवस श्वास घ्यायला मनाई झाली.

बाबांनी त्या दिवसापासून घराचा कारखाना केला. विटेचा डबा कपाटात गेला, किल्ली जानव्याला. कोरं रजिस्टर काढून रकाने आखले. रोज सकाळ-संध्याकाळ आई दोन्ही हात पुढे करायची, बाबा चष्मा चढवून बोटं तपासायचे आणि हजर मांडायचे. भांडी आता तेच घासत, साबणाच्या वडीने, उभ्याने, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या करत.

आई त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसायची. बसायची म्हणजे काय, उठायची, बसायची, पुन्हा उठायची. दारापर्यंत जायची, परत यायची. त्या वीस दिवसांत ती घरातल्या घरात डोंगरगढच्या देवीला जाऊन आली असेल, पायऱ्यांसकट.

"आवो, बुड राह्यलं."

"दिसते तुले?"

"आवाज येते ना. घासल्याचा आवाजच नाही."

नवव्या दिवशी मी शाळेतून शिकवून परतले तर खुर्ची रिकामी. शोधत शोधत शेजारच्या काकूंच्या मागच्या अंगणात गेले. आई उकिडवी बसली होती. समोर काकूंची कढई, हातात राख, आणि काकू बाजूला उभ्या, अपराध्यासारख्या.

"मी नाही म्हनलं वं," काकू आधीच बोलल्या. "इनंच ओढली."

मी तिथेच भडकले. नऊ दिवस पाण्यात गेले, तारीख तोंडावर आली, तुला आंधळं व्हायचं आहे का, असं काहीबाही बोलले. आईने हात धुतले नाहीत. कढईच्या बुडावर एक बोट फिरवत म्हणाली, "चहा प्यायला आली होती. हात लागला, तं खरकटं लागलं. डोळ्यानं दिसत नाही पोरी, वर्ष झालं. मी बोटानंच पाहून राहिली सारं. भाजी करपली का, दाळीत खडा हाये का. तेबी करू नको म्हनता, तं मी बसू कशी?"

वर्षभर ती आमच्यासमोर बोटांनी चाचपत घर चालवत होती आणि आम्हाला वाटत होतं तिला स्वच्छतेचं वेड आहे.

संध्याकाळी बाबांनी नऊही दिवसांवर लाल रेघ मारली. "पयल्यापासून," ते म्हणाले. तारखेपर्यंतचे दिवस मोजले तर आता एकही दिवस वाया घालवायला उरला नव्हता. तेव्हापासून बाबा तिला तांदूळ निवडायलासुद्धा देत नसत. फक्त त्यांनी घासलेलं प्रत्येक भांडं तिच्या हातात द्यायचे, ती बोट फिरवायची, आणि दहातली आठ परत मोरीत जायची. ती थोडी निवांत झाली. बाबा वाळत चालले.

पुन्हा हुडकोला गेलो. अंगठे वाया गेले, तर्जन्याही वाया गेल्या. मॅडम एकेक बोट पुसून ठेवत होत्या. आई तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत होती देव जाणे. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट ठेवलं आणि मशीनवर हिरवा दिवा लागला. ते एक बोट कसं वाचलं? आई म्हणाली, "त्याच्यात लय वर्षं अंगठी होती. घासताना आखडूनच राहाचं ते." डोळ्यांच्या रकान्यात मॅडमनी मोतीबिंदूची नोंद केली आणि अर्ज पुढे गेला. नंबर ऑपरेशनच्या दोन दिवस आधी आला. दवाखान्यातल्या मशीननेही तेच बोट मागितलं, तिसऱ्या खेपेला घेतलं, आणि आई आत गेली.

पट्टी निघाल्यावर तिने मला पाहिलं, म्हणाली, वाळली. बाबांना दोनदा पाहिलं. घरी आल्यावर सरळ मोरीपाशी गेली आणि कढई उचलून उजेडात धरली. बाबा दारात उभे होते, निकाल ऐकायला उभे राहतात तसे.

"हे तुमी घासलं?"

"तुनंच पास केली होती."

"तवा बोटानं पाहून राहिली होती," आई म्हणाली. "किल्ली द्या."

मी मध्ये पडले. म्हटलं, आई, दुसरा डोळा बाकी आहे, तीन महिन्यांनी. मशीन पुन्हा बोट मागणार. ती थांबली. नव्या डोळ्याने डाव्या हाताकडे बघत राहिली, मग बाबांकडे हात पसरला. बाबांनी जानव्यातून किल्ली सोडवली.

डॉक्टरांनी सांगितलेले विश्रांतीचे दिवस पुरे झाले आणि दुसऱ्या सकाळी मोरीतून तो जुना खरखर आवाज आला. मी वाकून पाहिलं. आई कढई घासत होती, चुरा उडत होता, आणि डाव्या हाताचं ते एक बोट तिने हवेत वर उचलून धरलं होतं. बाबा बाजूला रजिस्टर घेऊन बसले होते, त्या बोटावर नजर ठेवून.