दुप्पट पॉइंट

मोबाइल वाजला की माझा जीव टांगणीला लागायचा. मी नोकरीपायी धुळ्याला, माय जळगावला एकटी. तिच्या कॉलनीजवळ मोठं किराणा दुकान उघडलं. काउंटरवरच्या पोरीनं नंबर विचारला, तर मायनं माझा सांगितला. स्वतःचा तिला पाठ नाही, माझा आहे. तेव्हापासून तिनं काहीही घेतलं की मेसेज मला: अभिनंदन, आपल्या खात्यात पॉइंट जमा! खाली बिलसुद्धा.

बिलात तूरडाळ, शेंगदाणे असले तर माझी काय हरकत? पण उन्हाळ्यापासून दर दोन-चार दिवसांनी एकच वस्तू: क्रीमवालं बिस्किट, एक पाकीट. त्यावर दुप्पट पॉइंट म्हणे, पॉइंट साठले की कुकर बक्षीस. आणि मायला शुगर! डॉक्टरांनी चहातली साखरसुद्धा बंद केलेली. माझं डोकंच फिरायचं. हातातली फाइल आपटून मी ऑफिसच्या व्हरांड्यात जायचे आणि फोन लावायचे.

"परत घेतलंस? त्या पॉइंटांच्या नादात डोळे घालवून बसशील!"

ती शांतपणे म्हणायची, "जेवनी का तू?" मी आणखीच भडकायचे. मग ती शेजारच्या मांजरीचं काहीतरी सांगायला लागायची आणि मी म्हणायचे, "ठेवते, साहेब बोलावताहेत."

एका आठवड्यात तर रोज मेसेज. शनिवारी एसटी धरली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मला काही धड बसवेना. मनात नाही नाही ते येत होतं: तिच्या पायाची जखम, दवाखाना, सुया. शेजारच्या बाई वैतागून म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाय हलवून गाडी लवकर पोचणार आहे का?"

घरात शिरले ती थेट स्वयंपाकघरात. कपाट उघडलं. पाकिटंच पाकिटं, दाबून भरलेली. एकेक उलटून पाहिलं. एकही फोडलेलं नव्हतं.

"अगं, खात नाहीस तर घेतेस कशाला? बक्षिसाचा कुकर हवाय का? मी आणते ना!"

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कुकर काय कामना? मी फोन लावा का तू म्हनस, कामात शे. पाकीट लिधं का तुना फोन येस. चिडीसन का व्हयेना, येस तं सही."

म्हणजे पाकीट घेतलं की माझा फोन येतो, म्हणून ही खरेदी; कप्पाळ माझं! कपाटाचं दार मी उगाच लावत-उघडत राहिले.

"घर भरेल अशानं बिस्किटांनी," शेवटी म्हटलं.

"मंग तू येत जाय खावाले."

रविवारी संध्याकाळी परत निघाले. एरंडोल यायच्या आतच मोबाइल वाजला. अभिनंदन! बिल उघडलं: बिस्किट, एक पाकीट. फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"पोचनी का व?"

"अजून नाही, माय. त्या मांजरीचं काय झालं, ते सांग."