गंगूची दुभाषी

तार आली तेव्हा मी अकोल्याच्या कचेरीत एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होतो. शिपायाने कागद टेबलावर ठेवला आणि मी तो न उघडताच बाजूला सारला. साक्षीदार नुकताच अडखळू लागला होता आणि अशा वेळी वकिलाला आईबाप आठवत नाहीत. अर्ध्या तासाने उघडला... अमरावतीला माझी थोरली बहीण, अक्का, त्या दिवशी पहाटे गेली होती. दुपारची गाडी धरली, बडनेऱ्याला बदलली, अंबागेटच्या आतल्या तिच्या दोन खोल्यांपाशी पोचलो तेव्हा शेजारीपाजारी माझ्यासाठी थांबले होते.  मला सारखं वाटत होतं, ती असती तर म्हणाली असती, "काहून रे दत्तू, एवढा उशीर? साक्षीदाराले रडवून राहिला असशील."

याला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी अक्काच्या शिक्षणकार्याबद्दल लिहायला सांगितलं आहे. मुलींच्या शाळेत तिने बावीस वर्षं काढली, तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींच्या मुली आता शाळेत जातात, हे सगळं खरं आहे. पण त्याबद्दल तिच्या विद्यार्थिनींनी लिहावं. माझ्या डोळ्यांपुढे अक्का येते ती फळ्याजवळची नव्हे, कोर्टातली. पांढरं लुगडं, पायांत करकरणाऱ्या वहाणा, गालात आवळासुपारी, आणि समोरचा माणूस जज्ज आहे की चपराशी याची काडीचीही पर्वा नाही.

आमचं घराणं भिक्षुकांचं. अक्काचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि सासरी पाठवणी व्हायच्या आत नवरा पटकीने गेला. वडील कर्मठ होते, तरी या एका बाबतीत त्यांनी भाऊबंदांना भीक घातली नाही. पोरीला शिकवलं, पुढे ट्रेनिंगला पाठवलं. मी तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, म्हणजे तिचा पहिला विद्यार्थी आणि तिच्याच मते सर्वांत ढ. वकील झाल्यावरही माझे मराठी अर्ज ती तांबड्या शाईने दुरुस्त करी. "हे वाक्य कुठं संपते रे? मूर्तिजापूरला?" असं विचारी. मी चिडत असे. आता अर्ज लिहून झाला की मी तो सवयीने मोठ्याने वाचतो आणि मग थांबून बसतो... पुढचं काही ऐकू येत नाही.

गंगू तिच्या घरी आली त्याची हकिगत सांगायला हवी. मी तेव्हा अमरावतीतच वकिली करत होतो, म्हणजे बहुतेक वेळ बार रूममध्ये पेपर वाचत होतो. एका सकाळी वलगावची सोनाबाई नावाची एक शेतकरीण बैलांच्या दमणीतून एका बाईला घेऊन माझ्या दारात आली. ही गंगू. वय तिशीच्या आतबाहेर, विधवा, जन्मापासून मुकी आणि बहिरी. नवऱ्यामागे तिच्या नावावर पाच एकर काळी जमीन राहिली होती. तिच्या भासऱ्याने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, तिला गुरांच्या कोठ्यात चार दिवस कोंडलं, मारलं आणि जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा उठवून घेतला. अंगठा देईना म्हणून उजव्या हाताची दोन बोटं मोडली. शेजारणीने, म्हणजे या सोनाबाईने, तिला सोडवून आणलं होतं. बोटांना पट्ट्या बांधून दोघी दवाखान्यातून थेट माझ्याकडे आल्या होत्या.

मी फिर्याद दाखल केली. मॅजिस्ट्रेट जबलपूरकडचे, तरुण, कामात चोख. त्यांनी पुढची तारीख दिली आणि दुसरं प्रकरण हातात घेतलं. अक्का शाळेला सुट्टी म्हणून सहज माझ्यासोबत आली होती. ती मागच्या बाकावरून उठून उभी राहिली.

"साहेब, एक विचारायचं आहे. आज रात्री ही बाई कुठं झोपणार?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. मी शरमेने कागदात तोंड घातलं. अक्का म्हणाली, "आरोपीला जामीन मिळाला, तो आपल्या घरी जाईल. हिचंही घर तेच आहे." साहेबांनी खरोखर विचार केला, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. मग म्हणाले, याला कायद्यात उत्तर नाही. आरोपीने पळू नये म्हणून कायद्यात पानंच्या पानं आहेत. फिर्यादीने कुठे जावं, याबद्दल ओळ नाही. अक्का म्हणाली, "मग माझ्याकडे झोपेल," आणि गंगूचा डावा हात धरून निघाली.

खटला उभा राहीपर्यंत दोन महिने गेले. तेवढ्यात अक्का गंगूची बोली शिकली. ही बोली म्हणजे कुठल्या शाळेतली नव्हे, गंगूने स्वतः घडवलेली. सोनाबाई म्हणजे हनुवटीवर गोंदणाच्या जागी ठेवलेलं बोट. मी म्हणजे कोटाची कॉलर ओढणं. अक्का म्हणजे तळहातावर बोटाने लिहिणं. भासरा म्हणजे मिशीला पीळ. मी संध्याकाळी जाई तेव्हा दोघी चुलीपाशी हातवारे करत बसलेल्या असत आणि मधूनच अक्का मोठ्याने हसे. मला विचाराल तर त्या दोन महिन्यांइतकी ती पुन्हा कधी हसली नाही.

पुराव्याच्या कायद्यात मुक्या साक्षीदाराची सोय आहे. त्याने भर कोर्टात खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच धरतात. अर्थ सांगायला दुभाषी लागतो. अक्काने शपथ घेतली आणि गंगूजवळ उभी राहिली. सोनाबाई साक्षीदार म्हणून बाहेर व्हरांड्यात होती. सगळं सुरळीत चाललं. कोठा, कोंडणं, बोटं, सगळं गंगूने सांगितलं आणि अक्काने सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, मारलं कोणी? अक्काने खूण केली. भासरा तीन हातांवर उभा होता. गंगूने दोन्ही हातांनी पदर हनुवटीपर्यंत ओढला, मान खाली घातली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. अक्का मिशीच्या खुणेची वाट पाहत होती. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. साहेब मान खाली घालून लिहीत होते. म्हणाले, "काय सांगते?"

"काही सांगत नाही," अक्का म्हणाली. "घाबरली आहे."

ते तसंच लिहिलं गेलं. आरोपीचं म्हणणं, ही विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. सोनाबाईने तिला सोडवलं होतं, पण मारताना पाहिलं नव्हतं, आणि मारणाऱ्याचं नाव कोणीच घेतलं नव्हतं. संध्याकाळच्या आत आरोपी सुटला.

व्हरांड्यात भासरा पुढे झाला. "चाल घरी," त्याने गंगूला हाताने खुणावलं. अक्का मध्ये उभी राहिली. म्हणाली, "ती सज्ञान बाई आहे. तिला विचार, येते का."

"मुकीले काय इचारू?" तो हसला.

अक्काने विचारलं. गंगू तिथेच फरशीवर बसली आणि अक्काच्या लुगड्याचा घोळ मुठीत धरून ठेवला. लोक जमू लागले तसा तो बडबडत निघून गेला. मग मी सोनाबाईला आत काय झालं ते सांगितलं, गंगू ऐन वेळी गप्प बसली म्हणून. सोनाबाई माझ्याकडे बघतच राहिली.

"गप कुठी बसली वकीलसाहेब? सांगतलं ना तिनं. भासऱ्याचं नाव भासऱ्याच्या समोर कोन घेते? मी त घरातबी नाई घेत. पदर ओढला म्हंजे भासराच. दुसऱ्या कोनासाठी ती असा पदर ओढीन? तुमाले समजलं नाई?"

आम्हाला समजलं नव्हतं. मी पुरुष, मला कशाला समजेल! पण अक्काचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला आहे. ज्या बाईला तोंडच नाही, तिनेही तोंडाची रीत हाताने पाळली होती आणि सासरी नांदलेल्या कुठल्याही बाईने ती क्षणात ओळखली असती. अक्का नांदलीच नव्हती. कोणापुढे पदर ओढायची वेळ तिच्यावर आली नव्हती.  घरी आल्यावर चहा टाकताना म्हणाली, "मला सासर असतं तर आज हा माणूस सुटला नसता." आयुष्यात सासरचं नाव तिने माझ्यासमोर काढलं ते एवढ्या एकदा.  मी म्हणालो, साखर जास्त झाली. काय हा मूर्खपणा... पण तेच म्हणालो.

मग मी जन्मात केली नसेल एवढी खटपट केली. सेशन्स जज्जाकडे फेरचौकशीचा अर्ज दिला. तो अक्काने दुरुस्त केला नाही, स्वतःच लिहून काढला, आणि त्यात पहिलंच वाक्य होतं की चूक साक्षीदाराची नाही, दुभाष्याची आहे. अर्ज मंजूर झाला. तोवर भासरा वलगावात कोर्ट जिंकल्याच्या तोऱ्यात हिंडत होता आणि गंगू दाराची कडी वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसत होती. अक्का तिला रोज जवळ घेऊन सांगे की पुन्हा विचारतील. खुणा कोणत्या, ते मला कधी कळलं नाही.

दुसऱ्या खेपेला मॅजिस्ट्रेट निराळे होते. मारलं कोणी, या प्रश्नावर गंगूने पुन्हा पदर ओढला.  अक्काने सावकाश सांगितलं, "तिने दोन्ही हातांनी पदर हनुवटीपर्यंत ओढला. मान खाली घातली. आरोपीकडे पाठ केली."

"याचा अर्थ काय?"

"अर्थ मला विचारू नका साहेब. मी सासरी नांदलेली नाही. सोनाबाई बाहेर बसली आहे, तिला विचारा."

भरल्या कोर्टात, जिथे निम्मे लोक आमच्या ओळखीचे होते, तिथे ती हे बोलली. सोनाबाई आत आली आणि वलगावच्या सुना कोणापुढे पदर ओढतात ते तिने असं काही सांगितलं की आरोपीचा वकीलही उलटतपासणीला उठला नाही. भासऱ्याला शिक्षा झाली. अंगठ्याचा कागद पुढे दिवाणीत रद्द झाला. गंगू आपल्या शेतात परत गेली, सोनाबाईच्या भिंतीला भिंत लावून राहू लागली.

लोक म्हणतात, अक्काने गंगूला न्याय मिळवून दिला. अक्का हे कबूल करत नसे. "माझ्यापायी दोन महिने उशिरा मिळाला, ते सांग," म्हणे. त्यानंतर कोर्टाने बोलावलं की ती जाई. कधी वेडसर म्हणून घराबाहेर काढलेली म्हातारी, कधी पडद्यातली बाई, कधी मार खाल्लेली मोलकरीण. सगळ्यांना ती पहिला प्रश्न झोपण्याचाच विचारी, आणि पुष्कळदा उत्तर तिच्याच दोन खोल्यांत निघे. मी अकोल्याला बिऱ्हाड हलवलं तेव्हा तिला म्हणालो, तूही चल. ती म्हणाली, "मंगळवारी गंगू येते ना." दर मंगळवारी बाजार करून गंगू यायची आणि दुपारभर बोलायची. सोनाबाई दोन वर्षांमागे वारली, तेव्हापासून तर सगळं बोलणं त्या एका दुपारी.

तेरावा झाल्यावर मी खोल्या आवरायला थांबलो होतो. मंगळवार आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं. गंगू ओल्या तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. कापसाच्या वेचणीमुळे मधले मंगळवार ती आली नव्हती आणि तिला कोणी कळवलं नव्हतं. कोण आणि कसं कळवणार! मला गेल्याची खूण येत नव्हती. मी उभाच राहिलो. तिने माझ्या मुंडन केलेल्या डोक्याकडे पाहिलं, बोडक्या ओठाकडे पाहिलं, आत जाऊन चुलीपाशी पाहून आली. मग गाठोडं खाली ठेवून भिंतीला टेकून बसली आणि बोलू लागली.

किती वेळ बोलली, सांगता येत नाही. तळहातावर बोटाने लिहीत होती, ती अक्का, एवढं मला कळलं. मग हात भरभर चालले. न सांधलेली दोन बोटं मध्ये मध्ये भलतीकडेच जात होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. मला त्यातलं काही कळलं नाही. सगळं समजल्यासारखी माणूस हलवतो तशी मी मान हलवत राहिलो. तीस वर्षं पक्षकारांपुढे हलवली आहे.

गंगू थांबली. पुढे सरकून तिने माझी हनुवटी धरली आणि मान हलवणं बंद केलं. चांगली घट्ट धरली. मला कळलं नाही हे तिला कळलं होतं. अक्का तिच्यापुढे उगाच मान हलवत नसे, नाही कळलं तर दहादा विचारी... गंगूला त्याचीच सवय होती.

मग तिने हनुवटी सोडली, डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, अगदी सावकाश, एकेक खूण. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि तिच्या हातांकडे बघू लागलो.