चार्जिंग उडून जाईल म्हणून

हसायचं तर आधीच हसून घ्या, नाहीतर मध्ये मला बोलू देणार नाही तुम्ही!

नातीचं बारसं बंगळूरला आणि मी इथे बेलवलीत, पाय प्लास्टरमध्ये. म्हणजे बारसं फोनवरच बघायचं. आणि चार्जरची पिन उलटी घालून, वर जोर लावून, फोनचं भोक मी नेमकं आदल्या दिवशी मोडलेलं!

शेजारचे पाटीलभाऊ उल्हासनगरहून एक चपटी तबकडी घेऊन आले. "वायर खुपसायची नाय. फोन नुसता वर ठेवायचा. दुकानवाला बोलला, हवेतून चार्ज होतो."

ठेवला. काही नाही. पाच टक्के!

"हवेतून ना? मग आधी पंखा बंद करा," मी म्हणालो. "सगळं उडून चाललंय!"

शिकलासवरलेला माणूस मी. पण अशा वेळी डोकं चालतं का हो कुणाचं? खिडक्यासुद्धा लावून घेतल्या. बारशासाठी नवी साडी नेसून आलेल्या पाटीलवहिनी निथळायला लागल्या.

"भावजी, फोन चार्ज होतोय का आपण शिजतोय?"

"वहिनी, पदराने वारा घेऊ नका!"

"श्वास घेऊ ना?" पाटीलभाऊंनी विचारलं.

"हळू घ्या."

तीन टक्के! वहिनींनी फोन उचलला. "अगो बाय, तापलाय किती!" म्हणत त्यांनी कव्हर ओढून काढलं, तर आतून तांब्याचं नाणं पडलं. एकवीरा आईचं. मी फोन कुठेही विसरायचो, म्हणून आमच्या हिने ठेवलेलं. "आता आई लक्ष ठेवील," म्हणाली होती. ती गेल्यापासून ते कव्हर मी काढलंच नव्हतं.

नाणं मी खिशात ठेवलं, फोन तबकडीवर. टिंग! चार्जिंग सुरू. म्हणजे नाणंच मध्ये येत होतं!

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल. फोन तबकडीवरून उचलला तर चार्जिंग थांबणार, म्हणून आम्ही तिघं त्याच्यावर वाकलो. बंगळूरला नुसत्या तीन हनुवट्या दिसत असणार! आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्याने.

सुमन. माझ्या बायकोचं नाव.

"बाबा, रडताय?"

"छे गं. घाम आहे."

"घामच आहे गो!" वहिनी ओरडल्या. "चार्जिंग उडून जाईल म्हणून तुझ्या बाबांनी पंखा बंद करून बसवलंय आम्हाला!"

तिकडचा अख्खा हॉल हसला. एका मुहूर्तावर दोन बारशी उरकली. नात सुमन झाली, आणि मी आमच्या सोसायटीत कायमचा 'पंखाभाऊ'.