संग्रहालयाच्या दारात बाबा

चौथीत होते मी. सत्तरच्या दशकातली गोष्ट... चष्मा करायला बाबा मला अंबडहून जालन्याला घेऊन आले होते.

चष्मा मिळायला दोन तास होते. बाजारामागच्या जुन्या इमारतीत एक छोटं संग्रहालय आहे, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. मी हट्ट धरला.

दारातूनच मूर्ती दिसत होत्या. बाबांनी चपला काढल्या... आणि पायरीशीच थांबले.

"तू बघून ये. मी हाय हितंच."

आम्ही बौद्ध. गावातल्या देवळाची पायरी बाबांना लहानपणी कुणी चढू दिली नव्हती. पुढे त्यांना चढायचीही नव्हती. पण मुलीदेखत कुणी हटकलं तर... ही धास्ती होती. मला हे पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी नुसता त्यांचा हात ओढत होते.

दारात टेबल टाकून एक म्हातारा चौकीदार बसला होता. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. "नाव, गाव, सही."

बाबांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. आणि न विचारताच म्हणाले, "आम्ही बौद्ध हाव." कचेरीत, शाळेत, सगळीकडे सांगावं लागायचं... सवय झाली होती.

चौकीदाराने पान वरपासून खालपर्यंत बघितलं.

"त्याचा रकाना न्हाई यात. सही करा अन् चपला घाला बराबर, आतली फरशी उखडलीय. देव हायत, पण समदे पेन्शनीत गेल्यात. कुणाला काही म्हणत न्हाईत."

बाबा हसले. एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली.

आत विष्णूची एक मूर्ती होती, विहीर खोदताना सापडलेली. बाबा तिच्यापासून वीतभरावर उभे राहिले. हात जोडले नाहीत. नुसतं बघत राहिले...

"नखं बी कोरल्यात गं. घडवणाऱ्याचं नाव लिहिलंय का, बघ बरं."

मी मूर्तीखालची चिठ्ठी वाचली. फक्त शतक लिहिलं होतं.

"लिहायला पाह्यजे होतं," बाबा म्हणाले.

गेल्या महिन्यात नातीला शहरातल्या मोठ्या म्युझियममध्ये घेऊन गेले. ती पळतच आत शिरली आणि दहा मिनिटांत कंटाळली. दारात मात्र क्षणभरही थांबली नव्हती... मला फार बरं वाटलं.