चार हजार तीनशे सत्तर

माझ्या बायकोच्या मामांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे विजेच्या उघड्या तारेनंही कुणाला दिले नसतील. पहिला धक्का लग्नानंतर लंडनमध्ये पिनरला त्यांच्या घरी पाया पडायला गेलो तेव्हाचा. फ्रंट रूममध्ये सोफाच नाही! सोफा मागच्या शेडमध्ये, आणि त्याच्या जागी चार पायांवर उभं एक जुनं इटालियन पिनबॉल मशीन. उभ्या काचेवर रंगवलेली घोडेस्वार बाई, खाली घंटा, रबरी कड्या आणि टोलवून गुण मिळवायची एक पोलादी गोळी. "बसा ना जावईबापू," मामा म्हणाले. अहो, बसायचं कुठे? मी जिन्याच्या पायरीवर बसून चहा प्यायलो. मामी कपाळाला हात लावून हसत होत्या.

मशीनजवळ जायचं तर आधी हात धुवायचे, अंगठ्या काढायच्या. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार, पण हळदकुंकू समोरच्या पाटावर, कारण काचेवरचा रंग मूळचा! अमेरिकन मशिनं पुष्कळ मिळतात. ही युरोपातली मुळात थोडीच बनली आणि त्यातलीही बरीचशी कॅफेवाल्यांनी भंगारात घातली, म्हणून शौकीन लोक त्यांच्यावर जीव टाकतात, असं मामा सांगत. एकदा बर्मिंगहॅमहून एक गोरा शौकीन आपल्या मशीनचे फोटो घेऊन आला. मामांनी भिंग लावलं, एका स्क्रूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा नंतर बसवलाय. संपलं!" बिचारा केक न खाताच गेला.

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या आणि मामांनी खेळणंच सोडलं. मशीन रोज पुसायचे, पण सुरू करायच्या लाल बटनाला कुणी हात लावायचा नाही. मला वाटलं, मूळचं जपायचं वेड आता पुरतं डोक्यात गेलं.

गेल्या महिन्यात मामा आत चहा करत होते. मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे! भिंतीवरचा स्विच लावला आणि लाल बटन दाबलं. खडखड करत आकड्यांची चाकं फिरली. ४३७० होते, तिथे चार शून्यं आली. वळून बघतो तर दारात मामा, हातात चहाचा ट्रे.

"तो हिचा आकडा होता," मामा म्हणाले. "जन्मभर या मशीनला नावं ठेवली. हॉस्पिटलला जायच्या दिवशी सकाळी एकदाच खेळली आणि माझा रेकॉर्ड मोडला! यात चिप नाही हो, चाकं आहेत. बंद केलं तरी शेवटचा आकडा तसाच राहतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढच्या रविवारी जीव मुठीत धरून गेलो, तर आकडा पुन्हा ४३७०! मी थक्क.

"मागचं झाकण उघडून बोटानं फिरवली चाकं," मामा काच पुसता पुसता म्हणाले. मग फडकं थांबलं. "दिसतो तसाच. पण मूळचा नाही." पुन्हा काच पुसायला लागत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता खेळलात तरी चालेल, जावईबापू."

मी दोन्ही हात खिशात घातले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो.